मुंग्यांच्या रांगेतले आठ डोळे

कोकणातल्या आंब्या-काजूच्या बागेत लाल मुंग्यांची रांग दिसली नाही असं सहसा होत नाही. कुठे हुमले, कुठे ओंबील म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मुंग्या अंगावर पडल्या की कडकडून चावतात, त्यामुळे बागेतला माणूस त्यांना टाळूनच पुढे जातो. पण कॅमेरा घेऊन आलेला एखादा जण त्याच झाडाशी तासभर उकिडवा बसून असतो. त्याचं लक्ष रांगेवर नसतं. रांगेपासून जरा बाजूला, शेजारच्या पानावर एकटीच फिरणारी एक 'मुंगी' त्याला हवी असते. रंग तोच तांबूस, कंबर तशीच बारीक, चालही तशीच तुरुतुरु. फोटो काढून पडद्यावर मोठा केला की उलगडा होतो. डोक्यापुढे हलणाऱ्या मिशा म्हणजे उचलून धरलेले पुढचे दोन पाय आहेत. डोक्याच्या दोन्ही बाजूंना मुंगीच्या डोळ्यांसारखे दिसणारे काळे ठिपके आहेत, पण खरे डोळे वेगळेच: समोर दोन मोठे, गोल, चकचकीत आणि आजूबाजूला आणखी सहा. ही मुंगी नाही, उड्या मारणारा कोळी आहे.

या कोळ्याचं शास्त्रीय नाव मिरमाप्लाटा प्लॅटॅलिऑइडिस. चावऱ्या आणि चवीला नकोशा मुंग्यांच्या वाटेला पक्षी आणि इतर शिकारी फारसे जात नाहीत, त्याचा फायदा तो उचलतो. तो खऱ्या मुंग्यांच्या जवळपास राहतो, पण त्यांच्या तोंडी लागत नाही. गडबड झाली की रेशमाचा धागा सोडून पानाखाली लटकतो. मुंगीला हे जमत नाही. नराचे जबडे तर इतके पुढे आलेले असतात की एक मुंगी दुसऱ्या मुंगीला तोंडात धरून निघाली आहे असंच वाटतं. कोळी हा कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय, कोळ्याला आठ. पण कीटकांचे फोटो काढणाऱ्या मंडळींनी त्याला केव्हाच आपल्यात घेतलं आहे, आणि ते योग्यच आहे, कारण दोघांचं जग एकाच पानावरचं असतं.

या छंदाला मॅक्रो फोटोग्राफी म्हणतात. गेल्या काही वर्षांत तो महाराष्ट्रात बराच पसरला. वाघाच्या फोटोसाठी ताडोब्याची सफारी, जिप्सी, गाइड, मोठी लेन्स असा खर्चाचा डोंगर उभा राहतो. किड्याच्या फोटोसाठी घरामागचं कुंपणही पुरतं. अर्थात कुंपणापाशी गेलं की फोटो मिळतोच असं नाही. या प्रकारात यंत्रापेक्षा किड्याची ओळख जास्त कामाला येते, आणि नेमकी तीच दुकानात विकत मिळत नाही.

आधी यंत्राचं पाहू. मॅक्रोची रूढ व्याख्या सोपी आहे: कॅमेऱ्याच्या सेन्सरवर पडणारी किड्याची प्रतिमा किड्याएवढीच मोठी असली पाहिजे. याला एकास एक प्रमाण म्हणतात. फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच असतो. त्यावर १ सेंटिमीटरची मुंगी तेवढ्याच आकाराची उमटली आणि त्या फोटोची १ मीटर रुंद प्रत छापली, तर मुंगी सुमारे २८ सेंटिमीटर लांब दिसते. तिच्या पायावरचे केस मोजता येतात. नेहमीच्या लेन्सला हे जमत नाही, कारण ती इतक्या जवळच्या वस्तूवर फोकसच करू शकत नाही. मॅक्रो लेन्स त्यासाठीच बनवलेली असते. बाजारात साधारण ६० ते १०५ मिलिमीटर नाभीय अंतराच्या लेन्स जास्त चालतात. १०० मिलिमीटरची लेन्स एकास एक प्रमाणावर नेली की तिचं तोंड आणि किडा यांत वीतभरही अंतर उरत नाही. कमी मिलिमीटरची लेन्स असेल तर त्याहूनही जवळ जावं लागतं, आणि तोवर किडा उडालेला असतो.

कॅनन कंपनीने १९९९ साली एमपी-ई ६५ नावाची एक लेन्स आणली. ती एकपटीपासून पाचपटीपर्यंत मोठं दाखवते आणि बाकी काहीच करत नाही. दूरचा डोंगर किंवा माणसाचा चेहरा तिच्यातून टिपता येत नाही. ऑटोफोकस नाही, फोकसची कडीही नाही; फिरवायची ती फक्त मोठेपणाची कडी. फोकस साधायचा तर माणसानेच पुढे-मागे सरकायचं. तरीही ही लेन्स जगभरच्या कीटकवेड्यांची लाडकी ठरली.

पैसे नसतील तर? साधी लेन्स उलटी करून कॅमेऱ्याला लावली की ती भिंगासारखं काम करते. त्यासाठी लागणारी रिव्हर्स रिंग काही शे रुपयांत येते. अमेरिकेतल्या थॉमस शाहान या तरुणाने उड्या मारणाऱ्या कोळ्यांचे जे टपोऱ्या डोळ्यांचे फोटो काढून जगाचं लक्ष वेधलं, त्यांतले कित्येक अशाच उलट्या लावलेल्या लेन्समधून आले आहेत. दुसरा मार्ग एक्स्टेन्शन ट्यूबचा. ही नुसती पोकळ नळी असते, आत काच नसते. ५० मिलिमीटरच्या लेन्समागे ५० मिलिमीटरची नळी घातली की एकास एक प्रमाण मिळतं. तिसरा मार्ग लेन्सच्या तोंडावर चिमट्याने बसणाऱ्या भिंगाचा, मोबाइलवरही तशी भिंगं लावता येतात. मोबाइलची अडचण वेगळीच आहे. इतकं जवळ जावं लागतं की फोनची सावलीच किड्यावर पडते.

खरी परीक्षा मात्र पुढे आहे. इतक्या जवळून फोटो काढताना स्पष्ट दिसणारा भाग अतिशय पातळ होतो. एकास एक प्रमाण आणि लेन्सचं छिद्र, म्हणजे ॲपर्चर, एफ/८ असताना ही जाडी जेमतेम १ मिलिमीटर भरते. म्हणजे चतुराच्या डोळ्यावर फोकस असेल तर पंखांचं टोक धूसर. पाचपट मोठेपणावर छिद्र एफ/१६ इतकं बारीक केलं तरी ती पाव मिलिमीटरच्या आसपासच राहते. छिद्र आणखी बारीक करावं, तर प्रकाशाच्या विवर्तनामुळे सगळाच फोटो मऊ पडतो, शिवाय प्रकाशही पुरत नाही. त्यात वारा सुटला की गवताचं पातं दोन-दोन सेंटिमीटर हलतं. १ मिलिमीटरच्या स्पष्टतेसाठी झगडणाऱ्याला ते वादळच वाटतं.

म्हणून जाणकार मंडळी ऑटोफोकस बंद करतात. डाव्या हाताच्या दोन बोटांत किड्याची काडी अलगद धरतात आणि त्याच हाताच्या मनगटावर लेन्स टेकवतात. आता काडी हलली तर लेन्सही तिच्यासोबत हलते. मग श्वास रोखून अंग केसभर पुढे, केसभर मागे करायचं आणि डोळे लख्ख दिसले की बटण दाबायचं. फोटोत आधी डोळे स्पष्ट हवेत, हा इथला पहिला नियम. शेपटी धूसर झाली तर चालते. डोळे धूसर असतील तर फोटो निकामी.

प्रकाशासाठी बहुतेक जण फ्लॅश वापरतात. कमी ताकदीवर फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या हजारो हिश्शांपैकी एखाद्या हिश्शात संपतो, त्यामुळे हाताचा कंप आणि वाऱ्याचा हेलकावा दोन्ही फोटोत गोठून जातात. पण उघड्या फ्लॅशने भुंगेऱ्याच्या चकचकीत पाठीवर पांढरा भगभगीत डाग पडतो आणि कवचाचा रंगच हरवतो. तो प्रकाश मऊ करायला डिफ्यूजर लागतो, आणि इथे घरगुती कारागिरीला ऊत येतो. कुणी चिप्सचा रिकामा डबा कापून त्याच्या तोंडाला ट्रेसिंग पेपर लावतो, कुणी थर्माकोल आणि दुधी प्लास्टिकचा घुमट बनवतो. चांगल्या मॅक्रो फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यावरचं हे ध्यान पाहिलं की अनोळखी माणूस हसतो. पण फोटोतला मऊ उजेड त्या कागदाच्या तुकड्यातूनच आलेला असतो.

संपूर्ण किडा डोक्यापासून टोकापर्यंत स्पष्ट हवा असेल, तर फोकस किंचित-किंचित सरकवत अनेक फोटो काढायचे आणि संगणकावर त्यांतले फक्त स्पष्ट भाग एकत्र जोडायचे. याला फोकस स्टॅकिंग म्हणतात. लेव्हॉन बिस या ब्रिटिश छायाचित्रकाराने ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संग्रहालयातले कीटक या पद्धतीने टिपले. २०१६ साली 'मायक्रोस्कल्प्चर' नावाने त्यांचं प्रदर्शन भरलं, आणि त्यातल्या एकेका चित्रासाठी आठ हजारांहून अधिक फोटो जोडलेले होते. ते कीटक मृत होते, टाचणीला टोचलेले होते, आणि बिस यांनी ते कधी लपवलं नाही. रानातला जिवंत किडा असे आठ हजार फोटो काढून घ्यायला थांबणार कशाला? तिथे दहा-पंधरा मिळाले तरी नशीब. 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' या स्पर्धेत २०२४ साली तरुणांच्या गटातला सर्वोच्च मान मिळालेल्या जर्मन मुलाने कुजक्या लाकडाखालचा स्प्रिंगटेल ३६ फोटो जोडून साकारला होता. स्प्रिंगटेल हा जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा जीव. पापणी लवायच्या आत तो उडी मारून दिसेनासा होतो. त्याचे ३६ फोटो घेणं म्हणजे काय, हे ज्याने एकदा प्रयत्न केला त्यालाच कळेल.

इथून पुढे कॅमेऱ्याचं काम थोडं आणि किड्याच्या सवयींचं जास्त.

कीटकांच्या अंगात स्वतःची ऊब फारशी नसते, त्यांचं शरीर हवेबरोबर गार-गरम होतं. थंडीत भल्या पहाटे तळ्याकाठच्या गवतावर चतुर आणि त्यांच्याच नात्यातल्या टाचण्या दवाने थबथबून बसलेल्या सापडतात. उन्हं येऊन पंख तापेपर्यंत त्यांना उडता येत नाही. हीच वेळ साधायची. दुपारी ज्याच्या दहा फुटांवर जाता येत नाही, त्या चतुराच्या डोळ्यासमोर पहाटे लेन्स नेता येते. त्याच्या एकेका डोळ्यात जवळपास ३० हजार छोटे डोळे दाटीवाटीने बसवलेले असतात. हवेतल्या हवेत शिकार पकडण्यात त्याचा हात धरणारा प्राणी विरळा. बंदिस्त जागेत केलेल्या पाहणीत चतुरांनी पाठलाग केलेल्यांपैकी ९५ टक्क्यांपर्यंत भक्ष्य पकडल्याचं दिसलं आहे. अशा डोळ्यांसमोर हात झटकन उचलला की संपलं. जायचं तर सरळ, हळू आणि सावली त्याच्यावर न पाडता. बऱ्याच चतुरांना आणखी एक सवय असते: उडाले तरी ते फिरून त्याच काडीच्या टोकावर येऊन बसतात. त्यांच्या मागे धावणारा दमतो. काडीपाशी बसून राहणाऱ्याला फोटो मिळतो.

कुंभारीण माशीचंही तसंच. खिडकीच्या चौकटीत किंवा माळ्यावर ती चिखलाचं घरटं बांधायला लागली की दर थोड्या वेळाने जबड्यात ओल्या मातीची गोळी धरून नेमकी त्याच जागी येते. गोळी थापते, मिशांनी चाचपते, परत जाते. घरटं झालं की डंख मारून लुळे केलेले सुरवंट, काही जातींत कोळी, आत कोंबते. अंड्यातून निघणाऱ्या अळीची ती शिदोरी. जागा ठरलेली असल्यामुळे फोकस आधीच लावून ठेवता येतो. घरबसल्या एवढं नाट्य दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळतं, आणि तरी बहुतेक घरांत ते घरटं झाडूने पाडलं जातं.

सगळ्यांत लोभस दृश्य मात्र संध्याकाळचं. निळ्या पट्ट्यांची एक मधमाशी आपल्याकडे बागांतून सर्रास फिरते. ही पोळं करत नाही, मादी मातीत बीळ करून एकेकटी राहते. वांग्याच्या, टोमॅटोच्या फुलाला बिलगून ती अंग थरथरवते आणि फुलातले परागकण झटकून घेते. दिवसभर तिचा वेग असा असतो की फोटोत फक्त धूसर रेघ उमटते. पण अंधार पडायला लागला की या जातीचे नर एखाद्या वाळक्या काडीवर जमतात, काडी जबड्यात घट्ट धरतात, पाय आखडून घेतात आणि तसेच अधांतरी झोपी जातात. एकाखाली एक, ओळीने. रात्रीमागून रात्री तीच काडी. ज्याला ती काडी ठाऊक आहे त्याला कसलीच घाई नसते. अंगावरची पिवळसर लव, पोटावरचे झळझळीत निळे पट्टे, जबड्याची पकड, सगळं निवांत टिपता येतं. ती काडी शोधायला मात्र आठवडे जातात, आणि मोठी लेन्स असली म्हणून ती लवकर सापडत नाही.

जवळ गेल्यावर काही चकवेही भेटतात. प्रार्थना कीटक, म्हणजे आपला खंडोबाचा किडा, याच्या हिरव्या डोळ्यात एक काळा ठिपका दिसतो. कॅमेरा डावीकडे नेला की ठिपका डावीकडे, उजवीकडे नेला की उजवीकडे. किडा आपल्यावर नजर ठेवून आहे असं पाहणाऱ्याला ठामपणे वाटतं. प्रत्यक्षात तिथे बुबुळ नावाची वस्तूच नाही. त्याचा डोळा हजारो बारीक नळ्यांचा बनलेला आहे. ज्या नळ्या नेमक्या आपल्या दिशेला वळलेल्या असतात त्या आपल्याकडून गेलेला प्रकाश आत गिळून टाकतात म्हणून काळ्या दिसतात, तिरक्या असलेल्या बाकीच्या तो परतवतात म्हणून हिरव्या. आपण जागा बदलली की समोरच्या नळ्या बदलतात आणि ठिपका सरकतो. नाकतोड्यांत आणि टाचण्यांतही हे पाहता येतं.

महाराष्ट्रात पावसाळ्यातल्या रात्री या छंदाची पंढरी म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं आंबोली. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या गावात जून ते सप्टेंबर डोक्याला टॉर्च बांधलेली माणसं रात्री-अपरात्री झुडपांत डोकं खुपसून उभी दिसतात. रात्रीच कात टाकणारा पानकिड्यासारखा हिरवा नाकतोडा फांदीला उलटा टांगलेला असतो. जुन्या कातडीच्या पाठीला चीर पडते, त्यातून फिकट, मऊ, जवळपास पारदर्शक अंग खाली घसरतं, पाय आणि लांबच लांब मिशा एकेक करून ओढून बाहेर काढल्या जातात. मग नवं अंग कडक व्हायची वाट पाहत तो लटकून राहतो, आणि बरेचदा स्वतःचीच जुनी कात खाऊन टाकतो. या वेळी त्याला धक्का लागला तर पाय वाकडा होतो तो कायमचा. म्हणून काडी हातात धरायची युक्ती इथे वापरायची नाही. आणखी एक सावधगिरी माणसाच्या जिवासाठी: व्ह्यूफाइंडरला डोळा लावलेल्या माणसाला शेजारच्या फांदीवरचा हिरवा चापडा दिसत नाही. हा साप विषारी आहे. आधी टॉर्चने आजूबाजूच्या फांद्या पाहायच्या, मगच कॅमेरा उचलायचा.

आंबोलीजवळच्या चौकुळ गावाचं नाव २०२२ साली एका चतुराला मिळालं, बर्मागोम्फस चौकुळेन्सिस. त्याच्या आदल्या वर्षी ठाणे जिल्ह्यात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या एका नव्या जातीला शास्त्रज्ञांनी इसियस तुकारामी असं नाव दिलं. २००८ सालच्या २६ नोव्हेंबरच्या मुंबईवरील हल्ल्यात गोळ्या झेलून दहशतवादी कसाबला घट्ट धरून ठेवणारे मुंबई पोलिसांतले तुकाराम ओंबळे यांची ही आठवण आहे. मुंबईच्या वेशीवर, जिथे रोज लाखो माणसं लोकलने ये-जा करतात, तिथे विज्ञानाला अनोळखी असलेला जीव अजून सापडतो. जगात आजवर नोंदल्या गेलेल्या कीटकांच्या जाती दहा लाखांच्या आसपास आहेत, आणि नोंद न झालेल्या त्याहून कितीतरी जास्त आहेत असं सगळेच अभ्यासक मानतात.

अशा शोधात हौशी फोटोचा वाटा किती असू शकतो, याचं मलेशियातलं उदाहरण सांगण्यासारखं आहे. २०११ साली तिथल्या गुएक हॉक पिंग या छायाचित्रकाराने सेलांगोरच्या जंगलात एका जाळीपंखी किड्याचा फोटो काढला आणि फ्लिकर या संकेतस्थळावर टाकला. पंखांच्या बुडाशी काळ्या-निळ्या रंगाची सुरेख नक्षी होती. कॅलिफोर्नियातले कीटकतज्ज्ञ शॉन विंटरटन यांच्या नजरेला तो सहज पडला आणि ते थबकले, कारण ही नक्षी त्यांच्या माहितीतल्या कुठल्याच जातीत बसत नव्हती. त्यांनी गुएक यांना लिहून नमुना मागितला. नमुना नव्हता, किडा फोटो काढून झाल्यावर उडून गेला होता. पुढे बऱ्याच काळाने गुएक त्याच भागात गेले असता तो पुन्हा दिसला, या वेळी त्यांनी पकडला. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये त्याची तपासणी झाली आणि २०१२ साली सेमाक्रायसा जेड ही नवी जात जाहीर झाली. शोधनिबंधाच्या लेखकांत छायाचित्रकाराचंही नाव आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. नुसत्या फोटोवरून नवी जात ठरवणं बहुतेक वेळा शक्य नसतं. पुष्कळ कीटकांच्या जाती वेगळ्या ओळखायच्या तर त्यांची जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी लागतात, आणि ती कितीही चांगल्या फोटोत दिसत नाहीत. २०१५ साली दक्षिण आफ्रिकेतल्या एका माशीची नवी जात केवळ छायाचित्रांच्या आधारे जाहीर करण्यात आली, तेव्हा अभ्यासकांत मोठा वाद झाला. नमुना जपून ठेवलेला नसेल तर उद्या कुणी तपासायचं कसं, हा आक्षेप रास्त आहे. पण किडा कुठे, कधी, कुठल्या झाडावर, काय करत होता, हे टाचणीला टोचलेला नमुना सांगत नाही. ते फोटो सांगतो. जर्मनीत ६३ संरक्षित क्षेत्रांत २७ वर्षं सापळे लावून केलेल्या पाहणीत उडणाऱ्या कीटकांचं एकूण वजन तीन चतुर्थांशाहून अधिक घटल्याचं २०१७ साली समोर आलं. ती घट कळली, कारण कुणीतरी आधीपासून नोंदी ठेवत होतं. आपल्याकडे अशा दीर्घ नोंदी फार थोड्या आहेत. तारीख आणि ठिकाण लिहिलेला एकेक साधा फोटो म्हणूनच मोलाचा.

किड्याला स्थिर कसं ठेवावं, हा प्रश्न कॅमेऱ्याच्याही आधीचा आहे. रॉबर्ट हूक यांनी १६६५ साली 'मायक्रोग्राफिया' हा ग्रंथ काढला तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सगळी चित्रं हातानेच काढावी लागत. एका माशीच्या दोन डोळ्यांतल्या भिंगांचा त्यांनी १४ हजारांच्या घरातला अंदाज केला होता. मुंगी मात्र काही केल्या थांबेना. मारली तर आक्रसते, चिकटवली तर धडपडते. शेवटी हूक यांनी तिला ब्रँडीत बुडवलं. ती निपचित पडली, त्यांचं चित्र काढून झालं आणि तासाभराने मुंगी उठून पळत सुटली.

आज काही जण किडा फ्रिजमध्ये ठेवून गारठवतात आणि अर्धमेल्या अवस्थेत पानावर मांडून फोटो काढतात. कुणी पाय डिंकाने चिकटवतात, कुणी फवाऱ्याने खोटं दव उडवतात, कुणी दोन शत्रूंना मुद्दाम एका फांदीवर सोडतात. हूक यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता, आणि केलेला प्रकार त्यांनी स्वतःच लिहून ठेवला. फ्रिजमधला किडा रानातला म्हणून स्पर्धेत पाठवणं ही सरळ फसवणूक आहे. त्याने फोटो पाहणारा फसतो, आणि त्या किड्याच्या वागण्याबद्दल खोटी माहितीही पसरते. फांदीवर एकमेकांना मिठी मारणारे, छत्री धरल्यासारखे पान धरणारे प्राणी-किडे दिसले की वाचकांनीही पहिल्या झटक्यात शंका घ्यावी.

काजव्यांच्या बाबतीत तर हे भान फारच गरजेचं झालं आहे. मे अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या भागांत झाडंच्या झाडं लुकलुकायला लागतात, आणि गाड्यांची रांग लागते. काजव्याचा प्रकाश म्हणजे नराने मादीला घातलेली साद. टॉर्च, फ्लॅश, गाडीचे दिवे यांच्या झोतात ती साद बुडते, आणि प्रौढ काजव्याच्या आयुष्याचे दिवस तसेही थोडेच. काजव्यांच्या फोटोला फ्लॅश लागतच नाही. कॅमेरा तिपाईवर ठेवून शटर वीस-तीस सेकंद उघडं ठेवलं की पुरे. ज्याला हे जमत नसेल त्याने तिथे नुसतं पाहावं.

सुरुवात करायला आंबोलीलाच जायला हवं असं नाही. जुलैच्या अखेरच्या आठवड्यात जगभर पतंगांचा सप्ताह पाळला जातो. अमेरिकेत २०१२ साली सुरू झालेला हा उपक्रम आता महाराष्ट्रातही अनेक ठिकाणी होतो. अंगणात किंवा गच्चीवर पांढरी चादर टांगून तिच्यासमोर दिवा लावला की पतंग येऊन बसतात, आणि बसले की बराच वेळ हलत नाहीत. नवख्याला फोकसचा सराव करायला यापेक्षा चांगली जागा नाही. एखाद्याच्या मिशा पिसासारख्या दिसल्या तर समजावं की तो बहुधा नर आहे, मादीचा गंध हुडकण्यासाठी त्या तशा असतात. काढलेले फोटो आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर टाकता येतात. फुलपाखरांसाठी कृष्णमेघ कुंटे यांच्या पुढाकाराने उभं राहिलेलं 'बटरफ्लाइज ऑफ इंडिया' आणि त्याच्याच जोडीचं पतंगांचं संकेतस्थळ आहे, तिथे जाणकार ओळख पटवून देतात.

आणि चादर टांगायलाही जागा नसेल, तर कुंडीतला कढीपत्ता आहेच. पावसाळ्यात त्याच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेचा ठिपका दिसला तर तो लगेच पुसू नका, नीट पाहा. ती बहुधा कॉमन मॉरमॉन फुलपाखराची लहान अळी असते. मोठी झाली की ती हिरवीगार होते, आणि डिवचली तर डोक्यामागून लालसर, उग्र वासाचं दुहेरी शिंग बाहेर काढते. या जातीच्या काही माद्या हुबेहूब दुसऱ्या, विषारी फुलपाखरांसारख्या दिसतात. हे सोंग एकाच जनुकाच्या बळावर कसं वठतं, ते कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली 'नेचर' या नियतकालिकात मांडलं. अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास साधारण महिन्याभरात कुंडीतच पूर्ण होतो. त्या झाडावर औषध फवारू नका, अळीला बोट लावू नका, रोज एक फोटो काढा आणि प्रत्येक फोटोखाली तारीख लिहून ठेवा.